मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती आणि नेमका वेळ किती लागतो? तिकिटावर जाताना साडेसहा तास आणि येताना चोवीस तास का दिसतात?

तुम्ही आईबाबांच्या तिकिटावरच्या छापील वेळांची वजाबाकी केलीत, तिथेच घोळ झालाय. निघायची वेळ निघतो त्या गावाची असते आणि पोचायची वेळ पोचतो त्या गावाची. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं (नोव्हेंबरचा पहिला रविवार ते मार्चचा दुसरा रविवार साडेदहा तास). म्हणजे रात्री १ ला मुंबईहून निघून त्याच सकाळी साडेसातला तिकडे, हे दिसतात साडेसहा, त्यात साडेनऊ मिळवा, झाले १६ तास. येताना रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला मुंबईत, या चोवीसातून साडेनऊ वजा करा, साडेचौदा तास. थेट विमानाचा खरा वेळ एवढाच, आणि त्यात विमानतळावर विमान रांगेत उभं राहतं तेही धरलेलं असतं.

अंतर सरळ रेषेत साधारण १२,५०० किमी. पण ही सरळ रेषा भिंतीवरच्या नकाशातली नाही, घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा, मग दिसेल की तो सिंधवरून वर चढतो, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. मला तर हे बघायला फार आवडतं, सीटसमोरच्या स्क्रीनवरचा नकाशा मी सोडतच नाही.

प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली, आणि अमेरिकन कंपन्यांना रशियाची हद्द २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे कोणाच्या विमानाने जाताय यावर रस्ता बदलतो आणि वेळही.

जाता-येताना जो दीड तासाचा फरक आहे तो वाऱ्याचा. ३०-४० हजार फुटांवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर, म्हणून पायलट जाताना शक्य तेवढा तो टाळूनच रस्ता घेतात. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त.

दुबईवरून जायचं म्हटलं तर किमीत फार फरक नाही, मुंबई-दुबई सुमारे १,९०० आणि पुढे ११,०००, वेळ जातो तो मधल्या थांब्यात. वयस्कर माणसं पहिल्यांदाच जात असतील तर मी थेटच सुचवेन, थोडे पैसे जास्त गेले तरी. कनेक्टिंगच घ्यायचं असेल तर मध्ये तीन तास तरी हवेत. अबुधाबीवरून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, पण मग त्यासाठी तिथे हातात वेळ ठेवावा लागतो.

थेट विमान साडेसातला उतरणार असलं तरी इमिग्रेशनची रांग आणि बॅगा धरून आईबाबा बाहेर यायला नऊ वाजतीलच, न्यायला येणाऱ्यांना तसं सांगून ठेवा, आणि व्हीलचेअर लागणार असेल तर आत्ताच एअरलाइनला फोन करून तिकिटावर नोंदवून घ्या.