स्पॅनिश शब्द त्यांच्या मुळांवरून लक्षात ठेवता येतात का?

ॲपवर इंग्रजी अर्थासह पाठ केलेले रोजचे स्पॅनिश शब्द लवकर विसरायला होतात, तेव्हा त्यांची मुळे समजून घेतल्याने फायदा होईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवाने नक्कीच होतो. मात्र इंग्रजीऐवजी मराठीचा आधार घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात आपल्याकडच्या पोर्तुगीज शब्दांपासून करावी, कारण पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आहे. आपण ज्याला ‘पगार’ म्हणतो, तो स्पॅनिशमध्ये ‘पागार’, म्हणजे पैसे चुकते करणे. आपला ‘पाव’ तिथे ‘पान’ होतो. ‘चावी’ मात्र जरा थांबून पाहण्यासारखी आहे. या दोन्ही भाषांची आई असलेल्या लॅटिनमधल्या ‘क्लाविस’ या शब्दातल्या ‘क्ल’चा पोर्तुगीजमध्ये ‘च’ झाला आणि तो आपल्याकडे आला. स्पॅनिशमध्ये त्याच ‘क्ल’च्या जागी दोन ‘एल’ लिहू लागले, ज्यांचा उच्चार आज बहुतेक ठिकाणी ‘य’च्या जवळचा होतो, म्हणून किल्ली म्हणजे ‘याबे’. ‘प्ल’ आणि ‘फ्ल’ यांचेही असेच झाले: ‘प्लुविया’वरून ‘युबिया’ (पाऊस), ‘प्लेनुस’वरून ‘येनो’ (भरलेला), ‘फ्लामा’वरून ‘यामा’ (ज्वाळा). सुटा शब्द घोकण्यापेक्षा असा एक नियम कळला, तर पुढचे अनेक शब्द ओळखीचे वाटू लागतात.

दुसरा असाच उपयोगी नियम म्हणजे शब्दारंभीचा लॅटिन ‘फ’ स्पॅनिशमध्ये बहुधा गळतो आणि त्याच्या जागी केवळ लिहिण्यापुरता, उच्चार नसलेला ‘एच’ उरतो. धुराला ‘उमो’ म्हणतात. लॅटिनमध्ये तो ‘फूमुस’ होता आणि संस्कृत ‘धूम’ हा त्याचाच दूरचा नातलग आहे. पीठ ‘आरीना’, मुलगा ‘इहो’, लोखंड ‘इएर्रो’ यांच्याही मुळाशी ‘फ’ आहे. ‘फुएगो’ (आग) किंवा ‘फिएस्ता’ (सण) यांत तो टिकलेला दिसतो. असे अपवाद वेगळे लक्षात ठेवावेत.

स्वयंपाकघरातल्या शब्दांसाठी अरबीकडे वळावे लागते. इ. स. 711 पासून 1492 मध्ये ग्रानादा हे तिथले शेवटचे मुस्लिम राज्य पडेपर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर मुस्लिम सत्ता होती, आणि त्या काळात आलेल्या अनेक नामांना अरबी ‘अल्’ हे (इंग्रजी ‘द’सारखे) उपपद कायमचे चिकटून राहिले. संस्कृत ‘शर्करा’ फारसीतून अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि उपपदासह स्पॅनिशमध्ये ‘आसूकार’ म्हणून पोहोचली. आपली ‘साखर’ही त्याच शर्करेची. कापूस ‘आल्गोदोन’, उशी ‘आल्मोआदा’. ऑलिव्हचे झाड लॅटिन वळणाचे ‘ओलिबो’, पण त्याचे फळ ‘आसेइतुना’ आणि तेल ‘आसेइते’ हे दोन्ही शब्द अरबी. आज तर इंजिनात घालायच्या तेलालाही ‘आसेइते’च म्हणतात.

वारांची नावे एका बैठकीत होतात: ‘लुनेस’ ते ‘बिएर्नेस’ म्हणजे चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, आपल्याच क्रमाने.

या पद्धतीत दोन ठिकाणी सावध राहावे लागते. ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे: ‘दिआ’ (दिवस) हा शब्द इंग्रजी ‘डे’सारखा वाटला, तरी त्याचे नाते आपल्या ‘दिवस’ आणि ‘दिन’ यांच्याशी आहे. शिवाय मूळ तेच असले तरी अर्थ सरकतो. ‘बटाटा’ पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला, पण कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळे होते, आणि स्पॅनिशमध्ये ‘बाताता’ मागितल्यास आजही रताळेच मिळेल. बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ आणि लॅटिन अमेरिकेत, मूळ केचुआ भाषेतला, ‘पापा’ म्हणतात.

स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे आणि त्यात बहुतेक नोंदींच्या आरंभीच शब्दाचे मूळ दिलेले असते. नवा शब्द वहीत उतरवताना ते मूळ, शब्दाचे लिंग आणि एक पूर्ण वाक्य, एवढे एकत्र लिहावे.