आरोग्य प्रश्नोत्तरे : सावलीत बसूनही ऊन लागते का?

प्रश्न : आम्ही अकोल्यात पत्र्याच्या घरात राहतो. माझी आई 72 वर्षांची असून उन्हाळ्यात ती दुपारी उंबरठाही ओलांडत नाही. दारे-खिडक्या लावून कूलरसमोर बसते. तरीही गेल्या मे महिन्यात ती अचानक असंबद्ध बोलू लागली आणि डॉक्टरांनी ऊन लागल्याचे निदान केले. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. घरात बसून ऊन कसे लागते, आणि यंदा आम्ही काय करावे?

उत्तर : ‘ऊन लागणे’ या शब्दामुळेच आपली गफलत होते. शरीराला बाधते ती उष्णता, आणि तापलेल्या पत्र्याखालच्या खोलीत ती झाडाखालच्या सावलीपेक्षा कितीतरी अधिक असू शकते. त्यातच उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी येतो, त्यामुळे ‘तहान लागली की पिईन’ हे आईंचे म्हणणे प्रमाण मानू नये.

तुमच्या पत्रातील ‘दारे-खिडक्या लावून’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणजे गारव्याबरोबर ओलावाही खोलीत सोडतो. तो बाहेर जायला वाट नसेल, तर हवा दमट होत जाते, अंगावरचा घाम वाळत नाही आणि शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची मुख्य सोयच बंद पडते. कूलर खिडकीत बाहेरची कोरडी हवा घेईल असा बसवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. तिच्याशी हातरुमाल धरून पाहा : तो बाहेरच्या दिशेने फडफडला पाहिजे. अंथरूण ओलसर लागू लागले, तर हवा कोंडली आहे असे समजावे. वीज गेल्यास अंग ओल्या फडक्याने वारंवार पुसून वारा घालावा. खोलीचे तापमान 40 अंशांच्या पुढे असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडला, तर तो गरम हवाच अंगावर फेकतो. शक्य असल्यास दुपारचे तीन-चार तास आईंना तळमजल्यावरच्या, स्लॅबच्या घरात नेऊन बसवावे. शेजारधर्माला उन्हाळ्यासारखी दुसरी वेळ नाही.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीवाटे पाणी आणि क्षार अधिक जातात. म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, तर उन्हाळा तापण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून मात्रा तपासून घ्यावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास दिवसाला किती पाणी प्यावे, हेही त्याच वेळी विचारावे. एरवी लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी, ताक किंवा पन्हे थोडे थोडे द्यावे. पन्ह्यात मीठ मात्र रक्तदाबाचे भान ठेवून घालावे.

असंबद्ध बोलणे हा साधा थकवा नव्हे. शरीराचे तापमान 40 अंशांच्या आसपास किंवा वर जाऊन मेंदूवर परिणाम झाला, की त्याला उष्माघात म्हणतात आणि त्यात एकेक मिनिट मोलाचे असते. घाम येत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत थांबून राहू नये : जास्तीचे कपडे काढून सर्वांगावर नळाचे पाणी ओतावे, पंखा पूर्ण वेगाने लावावा, आणि बर्फ असल्यास कापडात गुंडाळून मानेजवळ, काखेत व जांघेत ठेवावा. शुद्ध हरपत असताना तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही. ती गोळी संसर्गाच्या तापासाठी आहे. खिशातल्या कांद्याने नुकसान काही होत नाही, पण कांदा शोधण्यात वेळ गेला तर नक्कीच होते.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचे आहे. उकाड्यामुळे त्याला चमचा-चमचा पाणी द्यावे, असे घरातील मोठी माणसे सांगतात. द्यावे का?

उत्तर : देऊ नये. सहा महिन्यांपर्यंत बाळाला लागणारे सगळे पाणी आईच्या दुधात असते, अगदी मे महिन्यातसुद्धा. वरच्या पाण्याने पोट भरते, दूध कमी प्यायले जाते आणि जुलाबांचा धोका वाढतो. उन्हाळ्यात बाळाला अधिक वेळा अंगावर घ्यावे आणि पाण्याचा तांब्या बाळाच्या आईच्या हाताशी ठेवावा. दुपटी कमी करावीत, एक सुती झबले पुरते. बाळ सुस्त वाटले, नेहमीपेक्षा कमी लंगोट ओले झाले किंवा टाळू खोल गेलेली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.