पार्लर जवळ नसेल तर लांब केसांच्या कुत्र्याची निगा घरीच राखायला शिकता येते का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहता, घरात दीड वर्षाची शिह त्झू जातीची कुत्री आहे, शहरात पार्लरला न्यायचं तर अख्खा दिवस मोडतो. कोर्स न करता घरी शिकता येईल का, मशीन कोणतं घ्यावं, आणि उन्हाळ्याआधी सगळे केस भादरून टाकावेत का.

शिकता येतं. आमच्याकडे एक ल्हासा आप्सो, म्हणजे लांब केसांच्याच जातीचा कुत्रा, आणि एक गावठी आहे, आम्ही मालवणच्या बाजूला राहतो आणि दोघांचं सगळं घरीच करतो. फक्त तुम्ही मशीनपासून सुरुवात करू बघताय, आणि मशीन सगळ्यात शेवटी येतं. आपल्या किनाऱ्यावर लांब केसांच्या कुत्र्याला खरा त्रास होतो तो केस ओले राहिल्याचा. विंचरणं आणि वाळवणं ज्याला जमलं, त्याला कापणं जड जात नाही.

आधी विंचरण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा छान फुललेला दिसतो, पण खाली कातडीजवळ जटा तशाच बसलेल्या असतात. केस एका हाताने वर धरायचे, खालची एक ओळ मोकळी करायची, ती मुळापासून टोकापर्यंत विंचरायची, मग त्याच्या वरची ओळ. बारीक वाकड्या तारांचा ब्रश, म्हणजे दुकानात स्लिकर म्हणून मिळतो तो, आणि त्यानंतर स्टीलचा कंगवा. कंगवा मुळापर्यंत जाऊन कुठेही न अडकता बाहेर आला तरच ती जागा झाली असं धरा. कानांच्या मागे, पुढच्या पायांच्या काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी जटा आधी होतात. शिह त्झूला हे रोज थोडं थोडं करावं लागतं. रोज दहा मिनिटं दिलीत तर ती कंटाळत नाही. आठवड्यातून एकदा तासभर धरून बसवलंत तर पुढच्या वेळी ब्रश बघूनच पलंगाखाली जाईल.

जट सापडली की हात कात्रीकडे जातो. तसं करू नका. जटेबरोबर कातडी वर ओढली जाते, आणि केस समजून आपण कातडी कापतो. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. जटेवर थोडं कॉर्नफ्लोर चोळा, मुळाशी बोटांनी घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही, आणि टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे या. अगदीच सुटत नसेल तर जट आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा घालून कंगव्याच्या वरच कापा.

आपल्याकडच्या दोन-तीन गोष्टी शहरातल्या व्हिडिओंमध्ये कधी येत नाहीत. एक म्हणजे फणसाचा चीक. पिकलेला फणस परड्यात पडला की कुत्रा तिथे जाणारच, आणि तो चीक पाण्याने किंवा साबणाने निघत नाही. खोबरेल तेल लावून मऊ होऊ द्या, कंगव्याने ओढून काढा, मग शाम्पू. दुसरी, पावसाळा संपल्यावर सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत वाळतं तेव्हाची कुसळं. ती बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात, आणि त्यांची टोकं अशी असतात की आत जातात, मागे येत नाहीत. कुत्रा एकच पंजा सतत चाटत असेल किंवा अचानक मान तिरकी करून डोकं झटकत असेल तर आधी कुसळाचा संशय घ्या. आत रुतलेलं डॉक्टरांनीच काढायचं. तळव्याच्या गाद्यांमधले केस आखूड ठेवले तर कुसळ आणि चिखल दोन्ही कमी अडकतात.

तिसरी गोष्ट गोचीड. विंचरताना बोटं कातडीवरून फिरलीच पाहिजेत, म्हणजे ते लहान असतानाच सापडतात. कान, मान, बोटांच्या मधली जागा, पट्ट्याखाली. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. रॉकेल, फिनेल असले जुने उपाय करू नका, कातडी भाजते आणि कुत्रा चाटला तर विषबाधा होते. गोचिडांपासून एर्लिकिया आणि बबेसियासारखे ताप येतात, त्यामुळे औषधाचा प्रश्न डॉक्टरांना विचारूनच सोडवा. कोकणात बहुतेक घरांत मांजर असतंच, म्हणून हेही लिहिते: कुत्र्यासाठीच्या गोचीडनाशकांत पर्मेथ्रिन असेल तर ते मांजराला जीवघेणं ठरू शकतं. एकमेकांना चाटणारी जोडी असेल तर खरेदीच्या वेळीच डबीवर बघा.

आता आंघोळ. नियम एकच, तो मोडू नका: आधी विंचरणं, मग पाणी. जटेवर पाणी पडलं की ती आवळते आणि आतून दोन दिवस वाळत नाही. पाणी कोमट, आपल्याला आंघोळीला लागतं त्यापेक्षा गार. शाम्पू कुत्र्याचाच घ्या. माणसाच्या त्वचेचा पीएच साधारण ५.५ असतो आणि कुत्र्याचा ७ च्या आसपास, त्यामुळे आपला शाम्पू वारंवार वापरला की कातडी कोरडी पडून खाज सुटते. मगभर पाण्यात पातळ करून घाला आणि भरपूर पाण्याने काढा, शाम्पू मागे राहिला तरी खाज सुटते. समुद्रालगतच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, तेव्हा शेवटचे दोन तांबे तरी गोड्या पाण्याचे ओता. पुळणीवर फिरवून आणलंत, लाटांत खेळली, तर त्याच दिवशी मीठ आणि वाळू धुऊन काढायची. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरी आंघोळ पुरते. मधल्या काळात पाय आणि पोट धुवा, पुसा.

जून ते सप्टेंबर मात्र वेगळा विचार करा. या दिवसांत आपले कपडे वाळत नाहीत, तर कातडीजवळचे दाट केस कसे वाळणार? फिरून आल्यावर जाड पंचाने दाबून पाणी टिपा. चोळू नका, चोळल्याने जटा होतात. मग ड्रायर कमीत कमी गरमीवर, आपला हात मध्ये धरून, म्हणजे गरमी आधी आपल्याला कळेल, आणि दुसऱ्या हाताने विंचरत राहायचं. शिह त्झूचे केस आपोआप वाळू दिले तर गुंततात, विंचरत वाळवले तर मोकळे राहतात. वीज गेलेली असेल त्या दिवशी आंघोळ घालूच नका, ओल्या फडक्याने पुसा. पोट, काखा, बोटांमधली जागा आणि कानाची पाळी उलटून आतली बाजू रोज कोरडी करा. ओल्या, बुरशी धरलेल्या कातडीचा आंबूस वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. आणि पावसात ओल्या जटेखाली जखम असेल तर माश्या अंडी घालतात, अळ्या पडतात. हे किनाऱ्यावरच्या गावांत दरवर्षी बघायला मिळतं आणि पूर्णपणे टाळता येतं, म्हणून मी वाळवण्यावर इतकी अडून बसते.

कानात इअरबड घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आत जाऊन वळते, बडने मळ आत ढकलला जातो. डॉक्टरांनी दिलेलं द्रव घालून मुळाशी चोळायचं, कुत्र्याला डोकं झटकू द्यायचं, वर आलेलं कापसाने पुसायचं. नखं पांढरी असतील तर आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे कापा. काळी असतील तर अगदी बारीक बारीक चकत्या काढत जा. कापलेल्या भागाच्या मधोमध काळसर ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोर दाबून धरा, थोड्या वेळात थांबतं. पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख जमिनीला टेकत नाही आणि वळून कातडीत रुततं, ते विसरू नका.

मशीन. माणसाच्या दाढीचा ट्रिमर चालत नाही. कुत्र्याच्या कातडीत एकाच छिद्रातून अनेक केस येतात, त्या दाटीत तो अडकतो आणि केस उपटतो. कुत्र्यांसाठीचं, पातं बदलता येणारं मशीन घ्या. पात्याचा नंबर जितका लहान तितके केस लांब राहतात: १० नंबरने साधारण दीड मिलिमीटर, ७ एफने तीन, ४ एफने साडेनऊच्या आसपास. नवशिक्याने अंगासाठी ४ एफ आणि पोट, जांघ, गुदद्वाराभोवती १० नंबर, एवढीच दोन घ्यावीत. ४, ५, ७ या नंबरांची एफ नसलेली पातीही मिळतात, त्यांचे दात एकाआड एक लांब असतात, त्यांत कातडी अडकते. ती आत्ता नकोत. केस धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि विंचरलेलेच हवेत, आणि केसांच्या दिशेनेच मशीन फिरवायचं. पातं तापतं. दर थोड्या वेळाने मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसला तर थांबा. काख आणि जांघेजवळ कातडीची पातळ घडी असते, ती दुसऱ्या हाताने ताणून सपाट करूनच तिथे मशीन न्या.

खाऱ्या हवेत पाती महिनाभरात गंजू लागतात. वापर झाला की ब्रशने केस काढा, शिवणयंत्राचं तेल दोन थेंब, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खोबरेल तेल नको, ते गोठतं आणि मशीन जड होतं.

पण हे सगळं तिच्यापर्यंत नेण्याआधी तिला तयार करायला हवं. पहिले काही दिवस पडवीतल्या बाकावर गोणपाट घाला म्हणजे पाय घसरणार नाहीत, तिथे बसवा, पंजे हातात घ्या, सोडा, काटे काढलेला उकडलेल्या बांगड्याचा तुकडा द्या. मग मशीन नुसतं चालू करून लांब ठेवा. मग बंद मशीन पाठीवर टेकवा. जिवणी चाटणं, जांभया देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, अंग ताठ करणं ही भीतीची खूण आहे, तिथेच थांबा. एका दिवसात अर्धी पाठच झाली तर होऊ दे; दोन दिवस कुत्री विचित्र दिसली तर कुणाचं काही बिघडत नाही. शिह त्झूचं नाक चपटं असतं, तिला दम लवकर लागतो. म्हणून गळ्याला दोरी बांधून उभी करू नका, हनुवटीखालची दाढी हलकेच धरा, आणि सकाळी लवकर, गारव्यात करा. डोळ्यांजवळ फक्त गोल टोकाची कात्री, टोक नेहमी डोळ्यापासून लांब.

भादरून टाकायचं का? शिह त्झूचे केस आखूड करायला हरकत नाही, पण सेंटिमीटरभर तरी ठेवा, नाहीतर ऊन आणि डास थेट कातडीवर. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, गारवा तो धापा टाकून मिळवतो, तेव्हा केस काढल्याने तुम्हाला वाटतं तितका फरक पडत नाही. सावली, पाणी आणि गार फरशी जास्त उपयोगी. शेजारी कुणाकडे पामेरियन, लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल आणि तुमचं बघून तेही भादरायला निघाले तर त्यांना थांबवा. त्यांना आतली मऊ लव आणि वरचे राठ केस असे दोन थर असतात. भादरल्यावर कधी कधी वर्षभर नीट केस येत नाहीत, कातडी काळी पडते. त्यांची आतली गळणारी लव विंचरून काढायची असते.

आत्ता तिच्या अंगावर हात फिरवून बघा. कंगवा कातडीपर्यंत जातच नसेल, जटांचं एकसंध कवच झालं असेल, किंवा खाली ओल, वास, लाली असेल, तर पहिली कापणी पशुवैद्यकीय दवाखान्यातच करून घ्या. तिथे गरज पडली तर गुंगी देऊन काढतात. नंतर उगवणाऱ्या बोटभर केसांवर तुम्ही विंचरायला शिका, आणि ते नीट मोकळे राहायला लागले की मशीन मागवा.