आधी दहा गुंठे

सप्रेम आशीर्वाद.

खंडाने दोन एकर मिळतायत, भाजीपाला करायचाय, रसायनं वापरायची नाहीत आणि माल आसपासच्या घरांना थेट द्यायचाय, असं तू लिहिलं आहेस. दोन एकर पुरतील का, हा तुझा प्रश्न. मला काळजी वाटते ती दोन एकर जास्त होतील याची. पहिल्या हंगामात दहा गुंठेच कर, म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. उरलेल्या रानात हिरवळीचं खत पेर: उष्ण हंगामात ताग किंवा चवळी, थंडीत ओट आणि वाटाणा. ताग फुलावर येऊ लागला की लगेच कापून गाडायचा. खोड जून झालं की कुजायला वेळ घेतं आणि तोवर मातीतला नत्र अडकून पडतो.

लहान क्षेत्राचा एवढा आग्रह तणासाठी आहे. माठाच्या कुळातलं एखादं मोठं तण एकटंच लाखाच्या वर बी टाकू शकतं आणि ते बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. दहा गुंठ्यांत एकही तण बीवर जाऊ द्यायचं नाही, हे दोन माणसांना जमतं. दोन एकरांत काढणी, पेरणी आणि खुरपणी एकाच आठवड्यात अंगावर येते. त्यात खुरपणी मागे पडते आणि पुढच्या तीन-चार वर्षांची मजुरी त्या एका आठवड्यात ठरून जाते.

त्याआधी एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या शेतावर काम कर. ‘वूफ’ ही शेतावर राहून काम करत शिकायची चळवळ १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली आणि आज अनेक देशांत तिची केंद्रं आहेत. तिचा उपयोग जरूर कर, पण दोन आठवड्यांच्या मुक्कामात शेतीची फक्त एक अवस्था दिसते. पेरणीपासून शेवटच्या काढणीपर्यंत, आणि जमलंच तर विक्रीच्या दिवशीही, तिथे असायला हवं. तुला करायची आहे तेवढ्याच आकाराचं, त्याच पिकांचं शेत निवड. मोठ्या शेतावर ट्रॅक्टरमागे काढलेलं वर्ष दहा गुंठ्यांत फारसं कामी येत नाही.

जमीन बघायला जाशील तेव्हा मातीआधी पाणी बघ. माती सुधारता येते, नसलेलं पाणी आणता येत नाही. हिशेब सोपा आहे: चौरस मीटरला १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हात भाजीपाल्याला रोज ५ मिलिमीटर धर, म्हणजे दहा गुंठ्यांना ५००० लिटर. २० लिटरची बादली २० सेकंदांत भरत असेल तर तासाला ३६०० लिटर झाले. मात्र हे माप वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत घ्यायचं, आणि पंप सलग दोन-तीन तास चालवून झाल्यावर घ्यायचं. पहिल्या दहा मिनिटांतली धार फसवी असते. त्याच दिवशी पाण्याचा नमुना तपासायला दे. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, ०.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या खाली असेल तर चिंता नाही. ती ३ च्या पुढे असेल तर ती जमीन सोडून दे. मधल्या पट्ट्यात घेवडा, गाजर आणि कांदा आधी मार खातात. बीट आणि पालक बरंच सोसतात.

मातीचा नमुना दहा-पंधरा ठिकाणांहून नागमोडी फिरत, १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा घे आणि सगळा मिसळून त्यातला अर्धा किलो प्रयोगशाळेला दे. बांध, झाडाखालची जागा आणि जुन्या उकिरड्याची जागा टाळ. सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर बहुतेक भाज्या खूश असतात. अहवालातला सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद (फॉस्फरस) हे दोन आकडे वहीत उतरवून ठेव, तीन वर्षांनी त्यांच्याशी तुलना करायची आहे.

वाफे सगळे एकाच मापाचे कर: रुंदी ७५ सेंटिमीटर, मधली वाट ४५ सेंटिमीटर, लांबी १५ मीटर. कडेच्या वाटा, खताची आणि मालाची जागा सोडून दहा गुंठ्यांत असे ३५ ते ४० वाफे बसतात. माप एकच असलं की जाळी, आच्छादनाचा कागद आणि ठिबकच्या नळ्या कुठल्याही वाफ्यावरून उचलून दुसऱ्यावर टाकता येतात, आणि पेरणीचा हिशेबही वाफ्यांत मांडता येतो. प्रत्येक वाफ्यावर दोन नळ्या, ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी छिद्रं, ३० सेंटिमीटरवर किंवा त्याहून जवळ. फिल्टर १२० मेशचा (मेश म्हणजे जाळीच्या बारीकपणाचं माप) लागतोच. दर पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून गाळ वाहू दे. ते चुकलं की वाफ्याचं शेवटचं टोक सुकतं आणि माणूस बियाण्याला दोष देत बसतो.

खताबद्दल थोडं सविस्तर लिहितो. ढीग किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर तो तापत नाही. कर्ब-नत्राचं गुणोत्तर २५ ते ३० ला १; कर्ब वाळल्या पाल्या-काडीतून येतो, नत्र शेणातून आणि हिरव्या पाल्यातून. आत ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान काही दिवस टिकलं आणि ढीग चार-पाच वेळा उलथला गेला, म्हणजे बाहेरचं आत आलं, तर तणाचं बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत एवढीच ओल. धार लागली तर हवा कोंडते आणि ढीग आंबट वास मारतो. कच्चं शेण काढणीच्या तोंडावर घालू नकोस. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी १२० दिवसांचं आणि बाकीच्यांसाठी ९० दिवसांचं अंतर सांगितलं आहे, तेच तूही पाळ.

बाहेरून आणलेल्या शेणखताचा आणि पेंढ्याचा एक धोका नव्या लोकांना माहीत नसतो. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड ही तणनाशकं जनावराच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर येतात आणि कंपोस्टमध्येही सहज मोडत नाहीत. अशा खतावर टोमॅटो आणि घेवडा वेडेवाकडे वाढतात आणि पूर्ण हंगाम जातो. त्यामुळे गाडी रिकामी करण्याआधी परीक्षा घे. तीन कुंड्यांत ते खत आणि स्वच्छ माती निम्मी-निम्मी भर, तीन कुंड्यांत नुसती स्वच्छ माती. सगळ्यांत घेवडा लाव आणि तीन आठवडे बघ. खताच्या कुंड्यांतली नवी पानं आत वळून वाटीसारखी झाली, शेंडा मुरडला, तर ते खत परत पाठव.

पहिल्या वर्षी वाफ्यावर कंपोस्टचा अडीच सेंटिमीटर थर पुरे, म्हणजे एका वाफ्याला साधारण २८० लिटर. पुढे दर वर्षी एक सेंटिमीटर. भरपूर खत म्हणजे भरपूर पीक हा हिशेब फार काळ चालत नाही. वर्षानुवर्षं जाड थर देत गेलं की स्फुरद गरजेपेक्षा कितीतरी जास्त साठतो. अहवालातला तो आकडा जपून ठेवायला सांगितला तो यासाठीच.

आता पेरणीचं वेळापत्रक. माझ्या मते सगळी शेती इथे ठरते. उलटीकडून सुरू कर: घरं किती, आठवड्याला काय देणार, कुठल्या तारखेपासून. समज, २० घरांना चार आठवडे दर आठवड्याला अर्धा किलो गाजर द्यायचं आहे. गरज झाली ४० किलोची. एक वाफा ११ चौरस मीटरचा. हात बसलेल्या माणसाला चौरस मीटरला ३ किलो निघतं, तू २ धर. म्हणजे वाफ्याला २२ किलो, आणि दोन वाफे हवेत. गाजराला ७० ते ९० दिवस लागतात, तेवढे दिवस मागे मोजून पेरणीची तारीख काढ. असं प्रत्येक पिकाचं. मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो आणि लगेच जून होतो, म्हणून तो दर आठवड्याला थोडा पेरायचा. घेवडा दर दोन-तीन आठवड्यांनी. सगळे वाफे एकाच रविवारी उत्साहाने पेरून टाकले, तर दोन आठवडे माल ठेवायला जागा नसते आणि नंतरचे पाच आठवडे द्यायला काही नसतं. त्या पाच आठवड्यांत ग्राहक जातात ते परत येत नाहीत. पहिल्या वर्षी पिकं आठ-दहाच ठेव. चाळीस पिकांचा मोह बियाण्याच्या यादीत छान दिसतो, शेतात त्याचा पसारा होतो.

बियाणं जुनं असेल तर ५० बिया ओल्या कागदात गुंडाळून उगवण तपास. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत मरतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकतं.

गाजरासाठी वाफा पेरणीच्या दोन आठवडे आधी तयार करून नुसतं पाणी दे. तण उगवलं की वरची दोन सेंटिमीटर मातीच हलकेच खरवड आणि मग पेर. खोल खणलंस तर खालचं बी वर येतं आणि केलेलं फुकट जातं. गाजर उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात, तोवर वरचा थर एकदाही वाळता कामा नये. अर्ध्या दुपारच्या उन्हानेही उगवण पातळ होते. पुढची निंदणी तण दिसायच्या आधीची. माती बोटाने सरकवलीस की उगवत्या तणाचे पांढरे दोरे दिसतात, तेव्हा सकाळी कोळपं फिरव आणि ऊन लागू दे. तेव्हा वाफ्याला दहा मिनिटं लागतात. पंधरा दिवसांनी तेच काम गुडघ्यांवर बसून दोन तासांचं होतं.

काढणी, धुणं आणि बांधणी यांत कामाचा निम्म्याच्या आसपास वेळ जातो, हे नियोजनात कोणी धरत नाही. पालेभाजी ऊन चढायच्या आत काढ, लगेच सावलीत आण आणि पिण्याजोग्या गार पाण्यात बुडव, म्हणजे रानातली उष्णता निघून जाते. गाजर-बिटाचा पाला दोन दिवसांहून जास्त ठेवायचा असेल तर कापून टाक, तो कंदातलं पाणी ओढतो. पालेभाजी शून्याच्या जवळ जितकी थंड तितकी टिकते. टोमॅटो मात्र १२ अंशांच्या खाली नको, त्याची चव आणि पोत दोन्ही जातात. पिकलेला टोमॅटो पाल्याशेजारी ठेवू नकोस, त्याच्यातून निघणाऱ्या इथिलीनने पानं पिवळी पडतात.

विक्रीची पद्धत आधी ठरव. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेईकेई’ नावाने ग्राहक आणि शेतकरी थेट बांधले गेले. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी हंगामाचा वाटा आगाऊ पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. ग्राहकाने जोखीम वाटून घ्यावी, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. तरी पहिल्या वर्षी आगाऊ पैसे घेऊ नकोस. आपल्या वाफ्यातून नेमकं किती निघतं हे तुला अजून ठाऊक नाही, आणि लोकांचा विश्वास कर्जाऊ घेऊन शिकणं बरोबर नाही. वीस घरं, आठवड्याची आगाऊ नोंदणी, एकच ठरलेला वार. दर ठरवताना वाफ्यामागे लागलेले तास मोज, नुसता बियाण्याचा आणि खताचा खर्च नव्हे. घेवड्याच्या तोडणीचे तास बघशील तेव्हा काही पिकं तू आपणहून सोडून देशील. पहिली दोन वर्षं उत्पन्नाचा दुसरा आधार ठेव.

प्रमाणपत्राची घाई नको. ग्राहक शेतावर येऊन बघू शकतात तोवर त्याची गरज नसते.

खंडाचा करार लेखी आणि निदान तीन वर्षांचा हवा. एका वर्षाच्या बोलीवर माती सुधारायला पैसे घालणं म्हणजे मालकाला भेट देणं. पाणी आणि वीज कोणाची, ठिबक आणि कुंपण जाताना नेता येईल का, आणि जमीन परत मागितली तर उभं पीक काढेपर्यंत मुदत किती, ही तीन कलमं त्यात असलीच पाहिजेत. मालक यावर तोंडी ‘बघू नंतर’ म्हणाला तर दुसरी जमीन शोध.

आधी पाण्याचा आणि मातीचा अहवाल घे, मग वाफ्यांचा नकाशा आणि वीस घरांच्या हिशेबाने पेरणीचा तक्ता कर. बियाणं मागवण्याआधी हे सगळं मला पाठव. तारखा आणि वाफे एकमेकांवर आदळतायत का, ते आपण ओळीने बघू.

सस्नेह.