तीन ग्रुपच्या सरासरीत फरक आहे का बघायला तीनदा टी-टेस्ट (दोन ग्रुपच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टेस्ट) केली तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं की प्रत्येक टेस्टला खरा फरक नसतानाही फरक दिसायचा ५% चान्स असतो आणि तो साठत जातो. तीन ग्रुपच्या तीन जोड्या, टेस्ट स्वतंत्र धरल्या तर तो चान्स साधारण १४% होतो, पाच ग्रुप असले तर दहा जोड्या आणि थेट ४०% च्या आसपास. म्हणून आधी वन-वे अनोव्हा, एकाच टेस्टमध्ये सगळे ग्रुप.

हातानेच करून बघा ना, ४,५,६ मग ६,७,८ आणि ८,९,१०. सरासऱ्या ५, ७, ९, एकूण सरासरी ७. ग्रुपांमधला वर्गांचा बेरीज-आकडा (ग्रुपची सरासरी वजा एकूण सरासरी, त्याचा वर्ग, आणि प्रत्येक ग्रुपात आकडे ३) ३×(४+०+४)=२४, त्याला (ग्रुप वजा एक) म्हणजे २ ने भागलं की १२. ग्रुपच्या आतला (आकडा वजा आपल्याच ग्रुपची सरासरी, त्याचा वर्ग) २+२+२=६, त्याला (एकूण आकडे वजा ग्रुप) म्हणजे ९−३=६ ने भागलं की १. एफ म्हणजे ग्रुपांमधला भागिले ग्रुपच्या आतला, १२ भागिले १, आला १२. एफच्या टेबलात २ आणि ६ ला (ज्यांनी आत्ता भागलं ते आकडे) ५% वर ५.१४ आहे, आपला बराच वर गेला, म्हणजे सगळ्या सरासऱ्या सारख्या नाहीत.

पण नेमका कुठला ग्रुप वेगळा हे एफ सांगत नाही हां, इथेच बरेच जण थांबतात, त्यासाठी पुढे टुकी टेस्ट (ग्रुपांची जोडीजोडीने तुलना करणारी) लावायची. ग्रुपांचा पसारा खूप कमीजास्त असेल, त्यात ग्रुपची साइझपण वेगवेगळी, तर साधा अनोव्हा सोडून वेल्चवाला घ्या. आणि एकाच माणसाची तीनदा मोजणी केलेली असेल तर हे चालणारच नाही, तिथे रिपीटेड मेजर्स अनोव्हा लागतो.