साबुकंदाची (टॅपिओकाची) पाने चट्टे पडून वाकडी होत असतील तर त्याच झाडाच्या कांड्या पुन्हा लावाव्यात का?

नाही, अजिबात लावू नका. नवीन पानांवर फिकट हिरवे-पिवळे चट्टे आणि पान आक्रसून वाकडे होणे ही मोझॅक रोगाची खूण आहे. त्याचा विषाणू कांडीतूनच पुढच्या पिकात जातो, पांढरी माशी नंतर तो शेजारच्या झाडांवर नेते. फवारणीने झाड बरे होत नाही. कोकणात जूनमध्ये लागवड केली तर बेण्याची (पुढच्या लागवडीच्या काठ्यांची) निवड ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करा आणि निरोगी झाडांना रंगीत दोरी बांधा. काढणीच्या वेळी झाड जुने होऊन पाने गळालेली असतात, उन्हात लक्षणे दबतात आणि रोगट काठीही चांगली दिसते; बहुतेकांची फसगत इथेच होते. काठीचा कोवळा शेंडा आणि बुडखा टाकून मधल्या भागाच्या १५ ते २० सेंमी कांड्या करा, डोळे वर ठेवून ९० × ९० सेंमीवर लावा. उगवल्यावर पहिल्या महिन्यात चट्टे दिसलेले रोप उपटून तिथे निरोगी कांडी लावा. गावात रोग पसरलेला असेल तर बेणेच बदला: तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची श्री पद्मनाभ ही जात मोझॅकला प्रतिकारक आहे. मात्र प्रतिकार फक्त मोझॅकपुरता. पाणी साचले तर तिचेही कंद कुजतात, म्हणून भातखाचरात नको, वरकस (हलक्या जमिनीच्या) उतारावर सरी-वरंब्यावर घ्या. आणि फक्त खालची जुनी पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर तो मोझॅक नव्हे.