फुटका चेंबर भंगारात देऊ नका

सांगलीहून एका वाचकांनी लिहिलं आहे: आजोबांची १९३८ची बीएसए एम-२० मोटारसायकल दोन वर्षं खपून उभी केली. इंजिनाचा चेंबर (क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच) फुटला होता म्हणून आठ महिन्यांपूर्वी जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवला. त्यावरचा नंबर डब्ल्यूएम-२० ने सुरू होतो, बुकातला वेगळा आहे. मिस्त्री म्हणतो, घासून आजोबांचा नंबर पंच करू, सगळे करतात. आजोबा २००४ साली गेले, आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे. व्हिंटेज नोंदणी होईल का?

अशी पत्रं सारखी येतात. फक्त गाडी बदलते. कुणाची नॉर्टन, कुणाची मॅचलेस.

सुट्या भागांच्या शोधावर तुम्ही दोन पानं लिहिली आहेत. वाचायला मजा आली, पण अमालचा कार्ब्युरेटर इंग्लंडहून आला की चोरबाजारातून, लुकासचा मॅग्डायनो (ठिणगी आणि वीज देणारा भाग) कुणी गुंडाळून दिला, याच्याशी आरटीओला देणंघेणं नाही. बिलं ठेवा, एवढंच. (व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश आट्यांच्या बोल्टांच्या जागी मेट्रिक बोल्ट ठोकले असतील तर ते मात्र काढा. तो सल्ला वकिलाचा नाही.) तपासणीला येणारा माणूस आधी दोन नंबर बघतो, फ्रेमवरचा आणि इंजिनावरचा. इंजिनाचा नंबर असतो चेंबरवर. बाकी काहीही बदललं असतं तर निभावलं असतं. तुम्ही नेमका तोच भाग बदललात आणि आठ महिने गप्प बसलात.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५५(५) वाचा. गाडीवर कोरलेला इंजिन किंवा चासी नंबर नोंदणीपत्रातल्या नंबराशी जुळत नसेल, किंवा खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असेल, तर मालकाचं म्हणणं ऐकून नोंदणी रद्द करायची. ‘करता येईल’ नाही, करायचीच. पंच मारला की तुम्ही पहिल्या कारणातून सुटून दुसऱ्यात पडता, शिवाय बनावटीकरणाची फौजदारी कलमं दारात येऊन उभी राहतात. घासलेला नंबर आम्ल लावून पुन्हा वाचता येतो. आणि डब्ल्यूएम-२० म्हणजे युद्धकाळात सैन्यासाठी बनवलेलं इंजिन, हे ओळखणारे शौकीन महाराष्ट्रात कमी नाहीत. पंच अजून पडलेला नाही, हे तुमचं नशीब. मिस्त्रीला आजच थांबवा.

इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, कलम ५२. ती मुदत केव्हाच गेली. गाडी रस्त्यावर आलीच नव्हती, असा बचाव करता येईल. मी त्याच्यावर विसंबणार नाही.

त्यापेक्षा जुना चेंबर शोधा. भंगारात गेला नसेल तर अर्गन वेल्डिंग आणि चांगलं मशीनिंग करून तो बहुतेक वेळा वाचतो. तो परत बसला की नंबर जुळतो आणि भांडणाचं मूळच राहत नाही. नाहीच वाचला, तर सध्याचा नंबर आहे तसा उघड सांगून, बिल, फोटो आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करा. मात्र २०२१च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपातच हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको, अशी अट आहे. त्याच मॉडेलचा चेंबर म्हणजे दुरुस्ती की फेरबदल? अधिकाऱ्यागणिक उत्तर बदलेल.

व्हिंटेजचा हट्ट का, हेही विचारा स्वतःला. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे, आणि गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यापुरतीच बाहेर काढता येते. रविवारी मळ्यापर्यंत चक्कर त्यात बसत नाही.

पण या सगळ्याआधी बुक तुमच्या नावावर हवं. मालक गेल्यावर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुम्ही वीस वर्षं लावलीत. दंड भरून काम होईल, पण काका आणि आत्यांची नोटरीसमोरची संमती लागेल. कुणीतरी सुचवेल म्हणून सांगतो, सक्सेशन सर्टिफिकेट काढू नका. ते येणी आणि रोख्यांसाठी असतं. गाडीसाठी वारस दाखला, तोही दिवाणी न्यायालयातून, १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली. मोटारसायकलचा शोध लागण्याआधीचा हा कायदा आहे आणि तारखाही त्याच काळाच्या वेगाने पडतात. काका सही देत असतील तर घ्या आणि कोर्टाची पायरी टाळा.

चेंबर वेल्डिंगला देण्याआधी नंबरावर कागद धरून पेन्सिलीने छाप काढून ठेवा, फोटोही काढा. आणि वेल्डरला बजावा, त्या पट्टीवर ग्राइंडर लागता कामा नये.